अनेक पानांचे दरपत्रक कसे छापावे?

आपल्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांच्या दुकानात आता संगणक आला आहे. बिले, दरपत्रके, मालाच्या याद्या, उधारीचे तक्ते हे सर्व त्यावरच तयार होते. एका पानात मावणारा तक्ता कोणीही नीट करतो. अडचण सुरू होते ती तक्ता दुसऱ्या पानावर गेला की. पहिल्या पानावर रकान्यांची नावे ठळक असतात आणि दुसऱ्या पानापासून नुसते आकडे. कोणता आकडा घाऊक भावाचा, कोणता सुट्या मालाचा, कोणता पन्ह्याचा, हे सांगणारे त्या पानावर काहीच नसते. ही बाब वरवर लहान वाटते. पण यातून पैशाचे नुकसान होते आणि त्याहून वाईट म्हणजे व्यापाऱ्याच्या शब्दाला बट्टा लागतो. म्हणून या आठवड्यात आम्ही अनेक पानांचा तक्ता कसा करावा, याची माहिती देत आहोत.

पाने सुटी होणारच

स्वारगेटचे उदाहरण घेऊ. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूचा किरकोळ दुकानदार एस. टी.ने सकाळी स्वारगेटला उतरतो. २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून तो पुढच्याच मंडई स्थानकावर उतरून लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठेत पायी पोहोचू शकतो. दिवसभर पाच-सहा पेढ्या फिरतो, प्रत्येकाचे दरपत्रक पिशवीत टाकतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. तोवर पिशवीतल्या कागदांच्या टाचण्या निघालेल्या असतात. एका पेढीचे तिसरे पान दुसऱ्या पेढीच्या कागदांत गेलेले असते. हल्ली तर तो संपूर्ण दरपत्रक घरी पाठवतही नाही. हव्या त्या एका पानाचा मोबाईलवर फोटो काढतो आणि दुकानात बसलेल्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतो.

आमच्या माहितीतला एक व्यवहार सांगतो. अशाच एका फोटोत एका कापडासमोर ११८ आणि १४२ असे दोन आकडे होते. रकान्यांची नावे पहिल्या पानावर राहिली होती. घरच्या माणसाने ११८ हा मीटरचा भाव समजून ४८० मीटर माल मागवला. प्रत्यक्षात ११८ हा पूर्ण गाठ उचलणाऱ्यासाठी होता आणि सुट्या ताक्यांसाठी १४२. मीटरमागे २४ रुपये, म्हणजे ११,५२० रुपयांचा वाद उभा राहिला. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. कागदच अपुरा होता. निम्मी-निम्मी तोशीस सोसून प्रकरण मिटले, पण त्या दोघांचा पुढचा व्यवहार काही झाला नाही.

यावरून एकच नियम मनात पक्का करावा. तक्ता कितीही पानांचा असो, त्यातले कोणतेही एक पान वेगळे काढले तरी ते वाचणाऱ्याला पूर्ण समजले पाहिजे.

ही रीत जुनीच आहे

हा नियम संगणकाने आणलेला नाही. जुन्या पेढीतले मुनीमजी रोजकीर्द आणि खतावणी लिहीत, तेव्हा पान भरले की तळाशी बेरीज मांडून ‘पुढील पानावर’ असे लिहीत. नव्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा ‘मागील पानावरून’ म्हणून घेत. पान फाटले, गहाळ झाले किंवा कोणी मुद्दाम काढले, तर ते लगेच उघडकीस येई. उर्दू, फारसी आणि अरबी हस्तलिखितांचे कातिबही पानाच्या तळाशी पुढील पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत, म्हणजे पानांना आकडे नसले तरी क्रम चुकत नसे. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लिहिलेले स्पष्ट असावे, हा त्यातलाच भाग.

आजही मतदार यादी पाहा. तिच्या पानापानावर मतदारसंघाचे नाव, यादी भागाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक असतो. मतदान केंद्राबाहेर कार्यकर्ते एकेक पान हातात घेऊन बसतात, तरी त्यांचे काम अडत नाही. आपल्या दरपत्रकाला हीच शिस्त हवी.

हाताने मथळा लावू नये

पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या काळात डीटीपीवाले टॅब मारून रकाने पाडीत आणि प्रत्येक पानावर रकान्यांची नावे हाताने चिकटवीत. ती सवय अजून गेलेली नाही. वर्ड किंवा एक्सेलमध्ये काम करतानाही पुष्कळ जण दर तीस-बत्तीस ओळींनंतर मथळ्याची ओळ पुन्हा टाइप करतात. त्या दिवशी छापील कागद छान दिसतो. पण पुढे कोठे तरी नवीन मालाच्या दोन ओळी मध्ये घातल्या की सर्व खाली सरकते आणि मथळा पानाच्या मध्यभागी येऊन बसतो.

ओळी घातल्या नाहीत तरीही हे होऊ शकते. तुमच्या संगणकावरचा फाँट दुसऱ्याच्या संगणकावर नसला तर तो दुसरा फाँट घेतो, ओळींची उंची बदलते आणि पान वेगळ्याच जागी तुटते. कागदाच्या मापामुळेही असेच होते. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. पुष्कळ संगणकांवर मात्र अमेरिकन ‘लेटर’ माप लावलेले असते, त्याची उंची साधारण २७९ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक पानामागे दोन-तीन ओळींचा फरक पडतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच कागदाचे माप ए-फोर करून घ्यावे.

यावर उपाय असा की संपूर्ण दरपत्रक हा एकच तक्ता ठेवावा आणि त्याची पहिली ओळ ही मथळ्याची ओळ आहे, असे सॉफ्टवेअरला सांगावे. मग पान कोठेही तुटो, मथळा आपोआप प्रत्येक पानाच्या माथ्यावर येतो.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय करावे

१. वर्ड : तक्त्याची पहिली ओळ निवडावी. मथळा दोन ओळींचा असेल तर दोन्ही निवडाव्यात. निवड पहिल्या ओळीपासूनच झाली पाहिजे. मग तक्त्याच्या ‘लेआउट’ विभागात ‘रिपीट हेडर रोज’ दाबावे. पुढील पानांवर आलेला मथळा तेथे बदलता येत नाही, तो पहिल्या पानावरच बदलावा लागतो. मथळा खरोखर लागला आहे, याची हीच खूण. त्यानंतर ‘टेबल प्रॉपर्टीज’मधील ‘रो’ या भागात जाऊन ओळ दोन पानांत तुटू देण्याची खूण काढून टाकावी. नाही तर मालाचे नाव एका पानावर आणि त्याचा भाव दुसऱ्या पानावर जाऊ शकतो.

एवढे करूनही मथळा येत नसेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. तक्त्याच्या मध्ये कोणी कंट्रोल-एंटर दाबून पान तोडले असेल, तर वर्ड तेथे मथळा पुन्हा देत नाही. तसेच ‘टेबल प्रॉपर्टीज’मध्ये ‘टेक्स्ट रॅपिंग’ हे ‘अराउंड’ असेल तर ते ‘नन’ करावे.

२. एक्सेल : येथे सर्वांत मोठा गैरसमज ‘फ्रीज पेन्स’चा आहे. त्याने मथळा पडद्यावर स्थिर राहतो, पण कागदावर येत नाही. छपाईसाठी ‘पेज लेआउट’मध्ये ‘प्रिंट टायटल्स’ उघडावे आणि ‘रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप’ या चौकटीत मथळ्याच्या ओळी द्याव्यात. हे काम शीटवरूनच करावे. छपाईच्या पडद्यावरून पेज सेटअप उघडल्यास ही चौकट बंद दिसते आणि माणूस गोंधळतो. रुंदीत एक-दोन रकाने दुसऱ्या कागदावर जात असतील तर रुंदी एक पान अशी ठरवावी आणि उंचीची चौकट रिकामी ठेवावी. मात्र रकाने फार असतील तर अक्षर बारीक होते. अशा वेळी कागद आडवा घ्यावा किंवा एखादा रकाना कमी करावा.

३. लिबरऑफिस : हे मोफत मिळते आणि लहान दुकानदारासाठी पुरेसे आहे. यातील रायटरमध्ये तक्त्याच्या गुणधर्मांत ‘टेक्स्ट फ्लो’ हा भाग आहे. तेथे तीन गोष्टी एकत्र मिळतात : तक्ता पानांवर विभागू द्यायचा का, ओळ तुटू द्यायची का आणि मथळा पुन्हा द्यायचा का. पहिल्याला होकार, दुसऱ्याला नकार, तिसऱ्याला होकार.

४. इनडिझाइन : रंगीत आणि चित्रांचे दरपत्रक प्रेसमधून करून घेणारे बहुधा यावर काम करून घेतात. येथे मथळ्याच्या ओळी निवडून त्या ‘हेडर’मध्ये बदलाव्या लागतात. एका चौकटीत न मावणारा तक्ता जोडलेल्या पुढील चौकटीत वाहतो आणि मथळा सोबत येतो. डीटीपीवाल्याला काम देतानाच ‘मथळा हेडर म्हणून लावा, पानोपानी चिकटवू नका’ असे सांगावे. पुढच्या खेपेस भाव बदलताना त्याचाही वेळ वाचतो आणि आपली मजुरीही.

५. लेटेक : अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली काढली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लेटेक उभारले. हे मुख्यतः गणिती आणि शास्त्रज्ञ वापरतात, आपल्याला त्याची गरज बहुधा पडणार नाही. तरी त्यातील लांब तक्त्याची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. ‘लाँगटेबल’ या सोयीत तक्त्याला चार गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात : पहिल्या पानाचा माथा, पुढील पानांचा माथा, प्रत्येक पानाचा तळ आणि शेवटच्या पानाचा तळ. पहिल्या माथ्यावर पूर्ण शीर्षक, पुढील माथ्यांवर ‘मागील पानावरून’, प्रत्येक तळाशी ‘पुढील पानावर’ आणि शेवटी एकूण बेरीज. म्हणजे मुनीमजींची रीत जशीच्या तशी. रकान्यांची रुंदी सर्व पानांवर सारखी बसावी म्हणून ही प्रणाली दोन-तीन वेळा चालवावी लागते, कारण संपूर्ण तक्ता पाहिल्याशिवाय सर्वांत रुंद मजकूर कोणता हे कळत नाही. आपणही रुंदी ठरवताना पहिले पान पाहून ठरवू नये. यादीतले सर्वांत लांब नाव आणि सर्वांत मोठा आकडा पाहून ठरवावी.

एकत्र केलेली घरे टाळावीत

दरपत्रक देखणे दिसावे म्हणून ‘सोलापुरी चादर’ हे नाव बारा ओळींच्या एकत्र केलेल्या घरात एकदाच लिहिण्याची पद्धत आहे. त्यातल्या सात ओळी एका पानावर आणि पाच पुढच्या पानावर गेल्या, की पुढच्या पाच ओळींना नावच राहत नाही. त्या चादरीच्या आहेत की टॉवेलच्या, हे कसे समजावे? म्हणून नाव प्रत्येक ओळीत लिहावे. ते जड वाटत असेल तर प्रत्येक प्रकाराला थोडक्यात खूण द्यावी आणि ती क्रमांकाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत घ्यावी. चादर म्हणजे ‘चा-१’, ‘चा-२’; टॉवेल म्हणजे ‘टॉ-१’, ‘टॉ-२’. फोनवर माल मागवतानाही ही खूण उपयोगी पडते.

‘वरीलप्रमाणे’ किंवा दोन स्वल्पविराम घालण्याची सवयही सोडावी. नव्या पानाच्या पहिल्याच ओळीत ‘वरीलप्रमाणे’ आले तर वर काहीच नसते.

बेरीज पुढे नेण्याची सोपी युक्ती

उधारीची यादी किंवा मालाचा साठा यांत प्रत्येक पानाची बेरीज पुढे न्यावी लागते. वर्ड आणि एक्सेल हे काम पान तुटेल तेथे आपोआप करत नाहीत. काही जण दर पानाच्या शेवटी बेरजेची ओळ हाताने घालतात. एक ओळ वाढली की ती ओळही पानाच्या मध्ये येते आणि तिचा आकडा मूळ बेरजेत दोनदा धरला जाण्याची भीती असते.

त्याऐवजी एक्सेलमध्ये शेवटी ‘चढती बेरीज’ असा एक रकाना वाढवावा. पहिल्या ओळीत पहिलीच रक्कम. दुसऱ्या ओळीपासून सूत्र एवढेच : वरच्या घरातील चढती बेरीज अधिक या ओळीची रक्कम. हे सूत्र खालपर्यंत ओढावे. आता पान कोठेही तुटो, त्याच्या शेवटच्या ओळीत तोपर्यंतची बेरीज असतेच. मधले पान गहाळ झाले तर पुढच्या पानाची पहिली चढती बेरीज जुळत नाही आणि ते लगेच लक्षात येते.

तारीख आणि कर प्रत्येक पानावर

‘भाव जीएसटी वगळून’, ‘भाव प्रतिमीटर’, ‘अमुक तारखेपासून लागू’ या तीन गोष्टी बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतात. त्या प्रत्येक पानावर हव्यात. याचे महत्त्व अलीकडेच दिसून आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. त्यापूर्वी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नव्या व्यवस्थेत २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. म्हणजे १,८०० रुपयांच्या नगावर आधी २१६ रुपये कर होता, तो ९० रुपये झाला. नगामागे १२६ रुपयांचा फरक. ज्यांच्या दरपत्रकाच्या पानांवर तारीख नाही, त्यांची जुनी आणि नवी पाने एकमेकांत मिसळली तर ती ओळखणार कशी?

हा मजकूर तक्त्यात घालू नये. तो पानाच्या हेडर किंवा फूटरमध्ये एकदाच लिहावा, म्हणजे सर्व पानांवर येतो. तेथेच पेढीचे नाव आणि ‘पान ३, एकूण ८’ असा क्रमांक द्यावा. नुसते ‘पान ३’ पुरेसे नाही. एकूण किती ते कळले नाही तर शेवटचे पान गळाले आहे, हे समजत नाही.

अनेक पानांच्या बिलालाही हेच लागू आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलात एचएसएन, मालाचे परिमाण व त्याचे एकक, करपात्र मूल्य आणि कराचा दर द्यावा लागतो. नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात : एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. तीन पानांच्या बिलाची अशी नऊ पाने होतात. प्रत्येकावर बिल क्रमांक व तारीख नसेल तर टेम्पोवाल्याच्या हातात नेमके काय आहे, हे वाटेत कोणालाही सांगता येणार नाही.

उर्दू दरपत्रकासाठी

मालेगाव, भिवंडीकडे उर्दूतही याद्या निघतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाल्यामुळे ही बाब आम्हाला विशेष जाणवते. उर्दू यादीत अनुक्रमांक उजवीकडे आणि रक्कम डावीकडे यावी, यासाठी रकाने हाताने उलटे लावू नयेत. वर्डमध्ये तक्त्याच्या गुणधर्मांत आणि एक्सेलमध्ये ‘पेज लेआउट’मध्ये उजवीकडून डावीकडे अशी दिशा ठरवता येते. हा पर्याय दिसत नसेल तर आधी संगणकात उर्दू भाषा जोडून घ्यावी. टाचणी उजव्या वरच्या कोपऱ्यात मारावी आणि समास उजवीकडे जास्त सोडावा, नाही तर बाइंडिंगमध्ये अनुक्रमांकच दाबला जातो.

पानांचा हिशेब आणि शेवटची परीक्षा

छपाईपूर्वी किती पाने होतील, हे कागदावर काढता येते. ए-फोरच्या २९७ मिलिमीटरमधून वर-खाली २० मिलिमीटर समास सोडला तर २५७ उरतात. मथळ्याला १४ आणि तळाच्या मजकुराला १० गेले, उरले २३३. एक ओळ ७ मिलिमीटर धरली तर एका पानावर ३३ ओळी बसतात. २५० प्रकारांच्या मालाला आठ पाने, शेवटच्या पानावर १९ ओळी. ओळ ६ मिलिमीटर केली तर सात पानांत काम होते, पण अंधाऱ्या गोदामात वाचणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा.

तयार झालेले दरपत्रक पाठवताना वर्ड किंवा एक्सेलची फाइल पाठवू नये, तिची पीडीएफ करून पाठवावी. पीडीएफमध्ये पाने जेथे तुटली तेथेच राहतात आणि भावही सहज कोणी बदलत नाही. जुन्या श्री-लिपी फाँटमधील याद्या युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तेथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

सर्व झाल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. मधले कोणतेही एक पान, समजा पाचवे, वेगळे काढावे आणि ज्याने ती यादी पूर्वी पाहिलेली नाही अशा दुकानातल्या मुलाच्या हातात द्यावे. त्याला पाच प्रश्न विचारावेत : हे कोणत्या पेढीचे आहे? कोणत्या तारखेपासूनचे आहे? हा आकडा गाठीचा भाव आहे की सुट्या ताक्याचा? यात कर धरला आहे का? याच्यापुढे किती पाने आहेत? पाचही उत्तरे त्याला त्या पानावरून देता आली, तर कागद प्रेसला पाठवावा. एकही अडले, तर आधी तेवढे दुरुस्त करावे.